मी वाढायला चालले आहे

आई, तुला राग येणार हे धरूनच लिहायला बसले आहे. तुला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी तुझा राग कसा येतो ते मला क्रमाने पाठ आहे. आधी नाकपुड्या, मग पदर खोचणं, मग आवाज. येऊ दे. मी इटलीला जाणार आहे, एका डोंगरावरच्या ख्रिस्ती मठात, तिथे येणाऱ्या पाहुण्यांचं स्वयंपाकघर सांभाळायला. एक वर्ष. पगार नाही, राहायला खोली आणि जेवण. म्हणजे ज्या कामापासून मला लांब ठेवण्यात तू जन्म घालवलास तेच काम, आणि तेही फुकट. आता बस रागावत.

मी कतारला आहे हेही तुला ठाऊक नाही. तू गेलीस तेव्हा मी नाशिकच्या एमआयडीसीत पहिल्या नोकरीला नुकती लागले होते. आता दहा वर्षं दोह्यात आहे. इथे तीन वर्षांनी फुटबॉलचा वर्ल्ड कप व्हायचाय. सगळं शहर उकरून ठेवलंय, घरून ऑफिसला जायचा रस्ता दर आठवड्याला बदलतो. एका स्टेडियमच्या कामावर मी प्लॅनिंग इंजिनिअर आहे. कुठलं काम कधी सुरू व्हायचं आणि कधी संपायचं हे मी ठरवते, आणि ते तसं झालं नाही की माझ्या नावाने सगळे खडे फोडतात. आमचा मॅनेजर लेबनानचा आहे. परवा त्याने नवीन कॉन्ट्रॅक्ट माझ्या पुढ्यात ठेवलं. पद वरचं, हाताखाली सहा माणसं. "यल्ला, साइन कर, खलास," म्हणाला. "फायनलची शिट्टी वाजेपर्यंत तू इथेच, इन्शाल्ला." मी म्हटलं, रविवारी सांगते. आज शुक्रवार आहे, सुट्टीचा. समैस्माच्या किनाऱ्यावर गाडी लावून बसले आहे. समुद्र ओहोटीने पार लांब गेलाय. ते कॉन्ट्रॅक्ट मांडीवर पालथं घेतलंय आणि त्याच्या पानांच्या पाठच्या कोऱ्या बाजूंवर मी तुला लिहिते आहे.

काल दादाला फोनवर सांगितलं. तो आधी हसला आणि मग त्याने तुला पुढे केलं. "आईनं वीस वर्षं भट्टीपुढं तोंड भाजून घेतलं ते तू परक्यांची खरकटी ताटं उचलावीस म्हणून का गं?" मी फोन ठेवला. त्याला काय उत्तर द्यायचं? उत्तर तुला द्यायचंय.

तो दिवस तुला आठवतो का, मला माहीत नाही. मला तो काल घडल्यासारखा आहे. मी अकरा वर्षांची आहे. तू आचाऱ्याच्या हाताखाली पोळ्या लाटायला जायचीस त्या मंगल कार्यालयात, शाळेला सुट्टी म्हणून, मलाही घेऊन आली आहेस. मागच्या पडवीत तुम्ही सहाजणी पोळपाट घेऊन ओळीने बसल्या आहात आणि मला कंटाळा आलाय. पुढे पंगत बसते. वाढप्यांना माणूस कमी पडतो आणि कोणीतरी माझ्या हातात मिठाचं भांडं देतं. मी वाढते. पानाच्या डाव्या हाताला, वरच्या कोपऱ्यात, चिमूटभर, एकही पान न चुकवता. एक आजोबा म्हणतात, "वा, पोरीचा हात बघा कसा नेमका." मला इतका आनंद शाळेत पहिला नंबर आल्यावरही झाला नव्हता. मग तू येतेस. कोपरापर्यंत पीठ, तोंड लाल. सगळ्या पंगतीसमोर माझ्या हातातलं भांडं हिसकावतेस, दंडाला धरून मागे नेतेस आणि ठेवून देतेस एक. "पुन्हा पंगतीत भांडं हातात दिसलं तर हात मोडीन." त्यानंतर तू मला कधीच सोबत नेलं नाहीस. घरातसुद्धा वाढू दिलं नाहीस. इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली त्या दिवशी तू मला ड्रॉइंग काढायचा ड्राफ्टर आणून दिलास, नवा कोरा, आणि म्हणालीस, "हात चालवायचा तर यावर चालव." मी चालवला. चांगला चालवला. तेवढं माझ्या बाजूने मांड.

मग मागच्या वर्षी काय झालं? झालं काहीच नाही. साइटवरचे कामगार बिरकत अल अवामेरच्या कॅम्पवरून बसने येतात, पहाटे भरलेला डबा घेऊन. माझ्या शेड्यूलमध्ये त्यांचं जेवण म्हणजे एक तासाचा पिवळा रकाना. एकदा मी तो रकाना अर्ध्या तासाने कमी केला आणि मीटिंगमध्ये मला शाबासकी मिळाली. त्या दुपारी बाहेर आले तर ती माणसं भिंतीच्या सावलीत बसून भराभर घास कोंबत होती. तुझी मुलगी आहे, दुसरं काही नाही तरी जेवणाऱ्याचं तोंड मला वाचता येतं. मी दुसऱ्या दिवशी रकाना पुन्हा तासाचा केला आणि बोलणी खाल्ली. आमच्याकडे काचकामावर एक इटालियन म्हातारा सल्लागार होता. त्याला हे कळलं. सूक वाकिफच्या बाजारात चहा पिताना तो म्हणाला, आमच्या गावावरच्या डोंगरात एक मठ आहे, तिथे सुट्टीत लोक जेवण वाढायला जातात, तू जा. मी उन्हाळ्यात एकवीस दिवसांची रजा टाकली. ऑफिसात सांगितलं, फिरायला चाललेय.

तिथला दिवस तुला सांगते, म्हणजे निदान कळेल तरी की कशावर रागवायचं आहे. पहाटे घंटा होते. चौदा साधू प्रार्थनेला जातात, आम्ही मदतीला आलेले तिघं स्वयंपाकघरात. पहिल्याच दिवशी पाहुण्यांचं बघणारे ब्रदर मला इंग्रजीत म्हणाले, "तुम्ही हिंदू आहात, प्रार्थनेला यायची सक्ती नाही. भांड्यांना आहे." सकाळी पाहुण्यांच्या खोल्यांच्या चादरी बदलायच्या, फरशी पुसायची, ढीगभर भाजी निवडायची. दहाला दार उघडतं आणि बघायला येणारे येतात. मधलं चौकोनी अंगण आणि त्याभोवतीची कमानींची ओसरी दाखवायची. उघड्या खांद्यांच्या बायकांना टोपलीतली शाल द्यायची. हळू बोला म्हणायचं. दुपारी जेवण, संध्याकाळी जेवण, आणि दोन्ही वेळा पाळीच्या साधूंबरोबर वाढायला मीही.

जेवताना कोणी बोलत नाही. एक साधू उंच जागी बसून पुस्तक वाचतो आणि बाकीचे मान खाली घालून जेवतात. पहिल्या दिवशी एका अगदी वाळकुड्या म्हाताऱ्या साधूची ताटली मला रिकामी दिसली. रिकामं पान दिसल्यावर आपण काय करतो? वाढलं. त्यांनी संपवलं. मी पुन्हा वाढलं. नको असेल तर माणूस पानावर हात आडवा धरेल की नाही? ते मान वर करून नुसते बघत राहिले. मला वाटलं, लाजतायत बिचारे. तिसऱ्यांदा घसघशीत वाढलं. चौथ्यांदा मी भांडं घेऊन निघाले तेव्हा ब्रदरनी माझी बाही धरली. बाहेर नेऊन सांगितलं, की तिथे पानात पडेल ते टाकायचं नाही असा नियम आहे, आणि बोलायचंही नाही. पानावर हात धरायची पद्धत तर त्या देशात कोणी ऐकलेलीच नाही. म्हातारबुवा रात्रीचे जेवले नाहीत. मी मेल्याहून मेले होते. ब्रदरना हात आडवा धरून आपल्या पंगतीची रीत दाखवली आणि माझी माफी पोचवा म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी नुसती दारातून आत आले, तर म्हातारबुवांनी दोन्ही हात पालथे करून ताटली झाकून टाकली. पलीकडच्यानेही झाकली. मग तिसऱ्याने. सगळी पंगत, आवाज काही नाही, आणि सगळ्यांचे खांदे हलतायत. वाचणाऱ्याची ओळ चुकली. आई, मी तिथे भांडं हातात घेऊन उभी होते आणि मला मिठाच्या भांड्याच्या दिवसाइतका आनंद झाला.

एक दिवस मात्र तू जवळजवळ जिंकलीस. मी ओसरी पुसत होते आणि बघायला एक कुटुंब आलं, बोलण्यावरून पुण्याचं. बाई नवऱ्याला म्हणाल्या, "अगं बाई, ही आपल्याकडचीच दिसतेय. बघा ना, शिक्षण नसलं की कुठून कुठे येऊन फरशा पुसाव्या लागतात." माझ्या जिभेच्या टोकावर आलं, मी इंजिनिअर आहे, स्टेडियम बांधते. तो तुझा आवाज होता. मी तो गिळला आणि म्हटलं, "काकू, जरा जपून, पुढे ओलं आहे." त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. पण ते गिळायला मला फार कष्ट पडले, हे कबूल करते.

शेवटच्या रविवारी मला जेवायला बसवलं. तिथे वाढायची पाळी सगळ्यांना असते, आठवड्याला दोघं, आणि त्या आठवड्यात पाळी मठाच्या प्रमुखांची होती. सत्तरीचा माणूस कमरेला एप्रन बांधून माझ्यापुढे आला, ताटली ठेवली, थोडं वाकला आणि पुढच्याकडे गेला. जेवण झाल्यावर त्यांनीच भांडी घासली. मला तू दिसत होतीस, शेवटची पंगत उठल्यावर मागच्या पडवीत परातीतलं उरलेलं खाणारी, आणि मागच्या दारानेच घरी येणारी.

म्हणून आता ऐक. तू मला खोटं शिकवलंस. काम हलकं आहे असं शिकवलंस. काम हलकं नव्हतं, तुला वागवणारे हलके होते. पोळ्या लाटणं तुला आवडत होतं, मी बघितलंय. काम नसलेल्या दिवशी शेजारच्या बाळंतिणीला तू आपण होऊन पोळ्या करून द्यायचीस आणि तेव्हा गुणगुणायचीस. तुला नकोसं होतं ते मागचं दार. मला ते कोणी दाखवत नाही, दाखवलं तर मी तिथे राहणार नाही, आणि तसं निघून येण्याची ताकद तूच मला दिलीस. तुला लाटावं लागत होतं. मी वाढणार आहे, कारण मला वाढायचंय. हा फरक तुझ्याच कष्टांनी पडला आहे आणि तो मी वापरणार. तू मला शिकवलंस ते सगळं वाया गेलं असं दादा म्हणेल, म्हणू दे. स्टेडियम माझ्यावाचून पुरं होईल.

गेल्या आठवड्यात ब्रदरची ईमेल आली, स्वयंपाकघर बघणाऱ्या बाई थकल्या, वर्षभर येशील का. मी हो कळवलंय. या कागदाच्या पुढच्या बाजूला सहीची रिकामी जागा आहे, ती तशीच राहील, आणि रविवारी मॅनेजरला मी राजीनामा देईन. कॉन्ट्रॅक्ट फाडून इथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकणार आहे, तेव्हा तुला लिहिलेलंही त्यातच जाईल. एवढा वेळ मी तोंड वर करून बोलले. पण खरं सांगू? तू आज असतीस, म्हातारी होऊन नाशिकला खाटेवर पडून असतीस आणि फोनवर नुसतं "नको गं" म्हणाली असतीस, तर मी मुकाट्याने सही केली असती.