लाकडं रचायच्या दिवसांत ठकी

४ ऑक्टोबर

आली! न कळवता. मी शिडीवर, हात कोपरापर्यंत मातीत, भिंतीच्या भेगा बुजवतेय — आणि खाली अंगणात ठकी. हातात एक पिशवी, पायात घरात घालायच्या पातळ सपाता. या थंडीत सपाता! म्हणते, "ताई, थोडे दिवस राहू का?" आता दारात येऊन उभं राहिलेल्याला नाही कसं म्हणायचं?

सख्खी धाकटी बहीण. लग्न होऊन शहरात गेली त्याला बारा वर्षं झाली. दरवर्षी दोघं मिळून येतात, पण उन्हाळ्यात! झाडं फुललेली असतात, हवा छान असते, दोन दिवस राहायचं आणि परत. आता आली ती नेमकी माझ्या घाईच्या दिवसांत. लाकडं रचायचीत, लोकर रंगवायचीय, सफरचंदं अजून झाडावरच आहेत. बर्फ पडायच्या आत सगळं उरकायचं — एकटीने. आणि वर ही पाहुणी.

मेहुणे कुठे आहेत, विचारलं. "कामात आहेत." म्हणजे त्या माणसाला एकटं टाकून आली! देवमाणूस आहे तो. गेल्या उन्हाळ्यात स्वतः छपरावर चढून धुराड्याची नवी टोपी बसवून दिली मला. जाताना म्हणाला, "ताई, तुम्ही आहात म्हणून हे घर उभं आहे." माझ्या बहिणीच्या तोंडून असं काही कधी निघालेलं नाही.

५ ऑक्टोबर

मी फोडायची, तिने रचायची, असं ठरलं. साधं काम! लहानपणी बाबांच्या हाताखाली दोघींनी दरवर्षी केलेलं. तर बाईसाहेब प्रत्येक लाकूड उचलतात आणि माझ्याकडे बघत उभ्या राहतात. "हे इथे ठेवू का?" "साल वर करू की खाली?" अगं, जळण आहे ते! दागिने नाही ठेवायचे कपाटात!

दुपारपर्यंत माझ्या कुऱ्हाडीला लय सापडेना. शेवटी ओरडले, "ठेव गं कुठेही!" तर लाकूड छातीशी धरून तशीच उभी. हललीच नाही. थप्पी मलाच रचावी लागली. कंबर गेली.

शहरात राहून माणूस इतकं निकामी होतं?

७ ऑक्टोबर

"ताई, दिवा लावू का?" — काळोख पडला होता. दिवा लावायला परवानगी! हा टोमणा आहे की काय?

१० ऑक्टोबर

आज सकाळी डोकं फिरायचंच बाकी होतं. फिरलं.

अक्रोडाची हिरवी सालं आठवडाभर भिजत घातली होती. उकळली की तपकिरी रंग सुटतो, त्यात लोकर बुडवायची. लवकर काढली तर मधासारखा रंग, थोडी राहू दिली तर दालचिनीसारखा. मला सफरचंदं उतरवायला जायचं होतं. म्हणून ठकीला चुलीपाशी बसवलं. "किती वेळ ठेवू?" म्हणाली. म्हटलं, तुला आवडेल तो रंग आला की काढ. "तुला कुठला हवाय?" मी म्हटलं, मला नाही गं, तुला! तुझ्या आवडीचा!

दोन टोपल्या भरून आले, तर ही भांड्यासमोर बसलेली, हातात काठी. लोकर काळीकुट्ट. दोरखंडासारखी राठ. उन्हाळाभर चरख्यावर बसून काढलेलं सूत! म्हटलं, डोळे मिटून बसली होतीस का? तर म्हणते, "मला ठरवता येईना, ताई."

ठरवता येईना! हिने लहानपणी लाल रिबिनीसाठी माझ्या दंडाचा चावा घेतला होता. निळी नको, लालच हवी म्हणून. अजून व्रण आहे. ती ठकी कुठे गेली?

आणखी एक. मी खोलीत शिरले की ही ताडकन उठून उभी राहते. दर वेळी! मी काय मुख्याध्यापिका आहे? मुद्दाम करते. ताई किती खडूस झालीये, ते मलाच दाखवते.

११ ऑक्टोबर

सफरचंदांच्या चकत्या ओवून चुलीवर टांगल्या. तिने ओवलेल्या माळा माझ्यापेक्षा बऱ्या निघाल्या. सांगितलं नाही.

१३ ऑक्टोबर

बाजाराचा दिवस. लोकरीचे जोडे विकायला न्यायचे होते. साबणाच्या गरम पाण्यात लोकर चोळून चोळून घट्ट करायची, साच्यावर चढवायची, वाळवायची — बोटं सोलवटतात तेव्हा कुठे एक जोडी होते. गाठोडं जड होतं. म्हटलं, ठकी, चल, हातभार लाव. बाजार बघशील, चार माणसं भेटतील.

"नको."

"का?"

खाली बघत म्हणाली, "ताई, मी इथे आलेय हे खाली गावात कुणाला सांगू नकोस."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. लाज वाटते! बहीण रस्त्यावर बसून जोडे विकते याची लाज वाटते हिला. राहायला घर चालतं, माझ्या चुलीची ऊब चालते, पण माझ्या शेजारी बसलेलं कुणी बघायला नको!

एकटीच गेले. आणि मग गप्प बसले का? मुळीच नाही. गिरणीवालीपाशी बसून सगळं ओकले. तिचं-माझं जुनं सूत. मेहुणे येतात तेव्हा गाडी तिच्याच दारात लावतात, त्यांच्याशीही तिच्या गप्पा होतात. म्हटलं, आलीये आमची महाराणी, दिवा लावायचा तरी विचारून लावते. गिरणीवाली हसून हसून लाल झाली. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं!

१६ ऑक्टोबर

मागावर पांढरी चादर चढवलीये. आज तिला बसवलं, कारण एवढं तरी तिला येतं, आईने दोघींना शिकवलेलं. संध्याकाळी बघते तर कापडाखाली एक गाठ. ताण्यातला धागा तुटला होता. तुटतात धागे, त्यात काय! पण हिने तो चोरून बांधला, आणि वर विणत गेली, मला दिसू नये म्हणून.

"धागा तुटला का?"

"नाही."

"ही गाठ कुणी मारली मग? मांजराने?"

"मी नाही, ताई. मी नाही केलं."

खोटं! तोंडावर! मला खोट्याची किती चीड आहे हे तिला ठाऊक आहे. मी हात वर केला. तिच्या डोक्यावरच्या फळीवर दुसरं रीळ होतं, ते घ्यायला. तर ही दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसली. मागाखाली. मुटकुळं करून.

मी काय मारणार होते तिला? मी? चाळिशी उलटली, कोंबडी कापायची तर शेजाऱ्याला हाक मारते मी! एवढा अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता. रीळ तिथेच टाकलं आणि बाहेर जाऊन खिडक्यांच्या फटींत लोकरीच्या चिंध्या ठासत बसले. सगळ्या खिडक्या झाल्या तरी राग गेला नाही.

१७ ऑक्टोबर

जेवली नाही. मीही समजूत काढली नाही.

१९ ऑक्टोबर

विचारलं सरळ, कधी जाणार आहेस? म्हणे, "तू म्हणशील तेव्हा." हे उत्तर झालं? सगळं ओझं माझ्या डोक्यावर!

तेवढ्यात फोन वाजला. आमच्याकडे फोनवर नीट ऐकू येतं ते फक्त लाकडांच्या थप्पीमागे, तो घेऊन तिथे पळाले. मेहुणे! गिरणीवालीकडून कळलं म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, गोड. "मी रागावलो नाहीये हो, ताई. हल्ली तिचं डोकं जरा ठिकाणावर नसतं. काहीबाही सांगेल, मनावर घेऊ नका. तशी फार गुणाची आहे. मला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही." आणि हसले.

मीही हसले. म्हटलं, "आहे इथेच. न्या."

"रविवारी येतो."

आत येऊन कांद्याच्या वेण्या घालायला बसले. समोर ठकी, तीही वेणी घालत होती. पात गुंफता गुंफता तेच एक वाक्य डोक्यात फिरायला लागलं. पाणीसुद्धा पीत नाही. कौतुकानेच म्हणाले की! मग मला खुपतंय काय? वेणी दोनदा उसवली.

शेवटी सांगून टाकलं. "रविवारी येतायत तुला न्यायला."

"बरं," म्हणाली. हातातला कांदा नीट बाकीच्यांच्या ओळीत ठेवला. हात पुसले. मग माझ्याकडे बघून म्हणाली —

"ताई, मी रडू का?"

२० ऑक्टोबर

लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

घराची किल्ली त्याच्याकडे. फोन त्याच्याकडे. बाहेर जाताना तो बाहेरून कुलूप लावतो. भाजी कुठली, पडदा उघडायचा की बंद, दिवा कधी लावायचा, सगळं विचारून. चुकलं तर काय होतं ते तिने सांगितलं नाही. नुसतं मनगट पुढे केलं. हाड वाकडं बसलंय. त्या दिवशी तो कुलूप लावायला विसरला. कचरा टाकायला जाते तशी पिशवी उचलून बाहेर पडली आणि थेट बसमध्ये बसली. म्हणून सपाता.

आणि मी! देवमाणूस! त्याच हातांनी माझ्या धुराड्याला टोपी बसवली, आणि मी चार लोकांत सांगत सुटले. काल दात काढून हसले त्याच्याबरोबर. न्या म्हटलं — पोतं आहे जसं!

म्हटलं, ठकी, आल्या दिवशी का नाही बोललीस? तर म्हणाली, "तुला तो आवडतो ना."

या एका वाक्यावर मला अख्खं घर आपटून फोडावंसं वाटलं. मला वाटत होतं, राग म्हणजे काय हे मला माहीत आहे. इतके दिवस लाकडांवर, लोकरीवर, बिचाऱ्या मांजरावर काढत होते तो राग नव्हताच. किरकिर होती नुसती.

ठकी पळून जायचं म्हणत होती, तो यायच्या आधी. कुठे? डोंगरावर? म्हटलं, हे घर जेवढं माझं तेवढंच तुझं. बाबांनी बांधलंय. इथून जायचं तर त्याने जायचं.

दुपारी वरच्या लाकूडवाल्याकडे गेले. तो आणि त्याची बायको, दोघंही दाराएवढी. म्हटलं, रविवारी लाकडं फोडायला या.

"तुझी तर फोडून झाली की."

"तरी या. कुऱ्हाडी घेऊन."

तो काहीतरी विचारणार होता. बायकोने माझ्या तोंडाकडे बघितलं, त्याला कोपर मारलं आणि म्हणाली, "सकाळीच येतो."

२२ ऑक्टोबर

आला. फळांची टोपली घेऊन, हसत. अंगणात घाव घालणाऱ्या दोघांना नमस्कारसुद्धा केला. मग ठकीला म्हणाला, "झालं ना मनासारखं? चल आता. पायात घाल काहीतरी."

ठकीने माझ्याकडे बघितलं. ओठांवर प्रश्न तयार होता. मी काय काय बोलणार होते! दोन दिवस घोकलं होतं. सगळं गिळलं आणि तोंड भिंतीकडे केलं. जन्मात एवढं अवघड काम केलं नव्हतं.

कुऱ्हाडी थांबल्या.

"मी येत नाही," ठकी म्हणाली. इतक्या हळू, की त्याला "काय?" म्हणावं लागलं. मग तिने परत म्हटलं. मोठ्याने. वरच्या घरापर्यंत ऐकू गेलं असेल.

तो एक पाऊल पुढे आला. लाकूडवाल्याची बायको दोन आली.

गाडी गेली. टोपली उंबऱ्याशी तशीच आहे. उद्या कोंबड्यांना.