एक ठेवा, एक कापा

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

पत्र मिळालं. नव्या खोलीला खिडकी आहे हे वाचून बरं वाटलं, पण ती कुठल्या दिशेला उघडते ते तू लिहिलं नाहीस. फोटो काढणाऱ्या बाईची भाची असून उजेड कुठून येतो तेच सांगायचं राहावं, म्हणजे कमाल आहे.

इकडे सगळे ठीक. तुझे बाबा डेपोतून येतात, माझ्याशी चार वाक्यं ओरडून बोलतात आणि बस चालवून दमले नसतील एवढे त्यानं दमतात. मी तरी काय करू? हॉस्पिटलच्या धुलाई विभागात बावीस वर्षं त्या यंत्रांशेजारी उभी आहे. चादरींबरोबर माझे कानही त्यांनी पिळून काढले. फोनवर तू बोललीस की मला चिमण्या भांडल्यासारखं ऐकू येतं, म्हणून आपली ही पत्रं.

आता वाईट बातमी. 'चौकट' बंद होतेय. नऊ वर्षं मी त्या फोरमवर फोटो टाकत आले. तो चालवणारे घड्याळजी (घड्याळं दुरुस्त करतात, खरं नाव कुणालाच ठाऊक नाही) लिहितात की हात थरथरतो, आता सांभाळणं होत नाही, अठ्ठावीस तारखेला दिवा मालवतो. तिथला नियम तुला मी सांगितला होता. नुसतं 'छान' लिहायला बंदी. फोटोखाली प्रत्येकानं दोन गोष्टी लिहायच्या, काय ठेवाल आणि काय कापाल. मी तिथे 'वाफ' या नावानं होते आणि माझ्याशी बोलायला कुणाला ओरडावं लागत नव्हतं.

तर एक काम कर. माझं तिथलं सगळं बंद व्हायच्या आत काढून ठेव. मला ते जमायचं नाही. घरातली पहिली पदवी तुझी, तिचा काहीतरी उपयोग आम्हाला होऊ दे.

वेळेवर जेवत जा. माया आहेच, ती कापायची नसते.

तुझी आत्या


२१ फेब्रुवारी

ती. आत्यास, कृ. सा. न. वि. वि.

खिडकी पूर्वेला उघडते. सकाळी सात ते साडेआठ उजेड थेट टेबलावर येतो, नंतर समोरच्या इमारतीची पाठ. चुकले, माफी असावी.

तुझं काम फत्ते! तीन संध्याकाळी बसून 'चौकट'वरचे तुझे सगळे फोटो उतरवले. चारशे बारा आहेत. एकही सुटलेला नाही, मी दोनदा मोजले. प्रत्येक मूळ आकारात, प्रत्येकाला तारखेचं नाव. आमच्या संग्रहालयात जुनी कागदपत्रं स्कॅन करून लावतो तसे वर्षवार लावलेत. पेन ड्राइव्ह बाबांच्या डेपोतल्या कंडक्टरकाकांबरोबर पाठवते आहे, पिशवीत मोज्यांच्या आत आहे, ते मोजे बाबांचे.

आत्या, तू उदास होऊ नकोस. माणसं जागेमुळे जमत नाहीत, एकमेकांच्या कामाकडे नीट बघावंसं वाटतं म्हणून जमतात. एक जागा गेली तर ती दुसरीकडे जमतीलच, यावर माझा विश्वास आहे. (बाबा म्हणतील, झालं हिचं भाषण सुरू.) सोबतच्या कागदावर तीन नव्या ठिकाणांचे पत्ते आहेत, खातं कसं उघडायचं तेही पायरीपायरीनं लिहिलंय. तिन्हीकडे जाऊन बघ आणि मला कळव.

तुझ्या आशीर्वादाच्या उजेडात ठेव, एवढंच मागणं.

तुझी भिंगरी


९ मार्च

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

तिन्हीकडे जाऊन आले. अहवाल सादर करते.

पहिल्या ठिकाणी मी इस्त्रीच्या खोलीतल्या धुरकट खिडकीचा फोटो टाकला. दहा मिनिटांत एकसष्ट जणांनी बदाम दिले. मी हरखले. मग पाहते तर फोटो चुकून आडवा गेला होता. खिडकी जमिनीवर झोपलेली आणि ट्रॉली भिंतीवर चढलेली. एकसष्टांपैकी एकानंही ते सांगितलं नाही.

दुसऱ्या ठिकाणी सगळे बाप्येच दिसले. त्यांनी फोटोकडे न बघता कॅमेरा कोणता, भिंग कोणतं, कधी घेतलं हे विचारलं. जावई निवडतानासुद्धा लोक एवढी चौकशी करत नाहीत. मी खरं ते सांगितलं, तर एकानं माझं सांत्वन केलं.

तिसऱ्या ठिकाणाहून मला हाकललं. एका बाईनं मांजराचा सुरेख फोटो टाकला होता, पण कडेनं नवऱ्याचा अर्धा दंड आणि बनियन आत घुसलं होतं. मी आपल्या सवयीनं लिहिलं की मांजर ठेवा, नवरा कापा. तिथे 'चौकट'चा नियम कुणाला माहीत? संध्याकाळपर्यंत माझं खातं बंद.

तर आता पुरे. या वयात नवी शाळा नको. कॅमेरा पुसून कपाटात ठेवलाय. पेन ड्राइव्ह मिळाला, फोटो सगळे व्यवस्थित आहेत, तुला फार कष्ट पडले. मोजे बाबांना घट्ट होतात, मी घातलेत.

माझी काळजी करू नकोस, पण विसरूही नकोस.

तुझी आत्या


१४ मार्च

चि. भिंगरी, आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, चुका पोटात घाल. हे पत्र आलंय ते आत्याला कळवू नकोस.

पेन ड्राइव्ह आला त्या दिवशी ती जेवली नाही. कॉम्प्युटरपुढे बसून एकेक फोटो उघडायची आणि माउसचं चाक फिरवून खाली खाली जायची. खाली काही नव्हतंच. शंभरेक फोटो झाल्यावर मला बोलावून विचारलं की या फोटोंच्या खालचं कुठे गेलं. मला काय कळतंय? मी म्हटलं, तारीख आहे की. तर म्हणाली, फोटो माझ्याकडे होतेच रे, कपाटात सगळे छापून ठेवलेले आहेत, मला लोकांनी लिहिलेलं हवं होतं. आणि मग लगेच म्हणाली, पोरीनं तीन संध्याकाळी घातल्यात, तिला बोलू नकोस.

मी बोलणार नव्हतो. पण आता ती जेवणाच्या सुट्टीत जिन्यावर फोटो काढायला जात नाही, तिथेच बाकावर बसून राहते, असं तिच्या विभागातली बाई मला बसमध्ये सांगत होती. घरीही आम्ही काही बोललो की ऐकू आल्यासारखी मान हलवते. आम्हीही आता निम्मंच बोलतो, हे आमचं चुकतं. त्या फोरमवर ती बहिरी नव्हती, बेटा.

तू शिकलेली आहेस. काय करता येईल ते बघ.

बाबा

ता. क. मोजे खरंच घट्ट होते.


२३ मार्च

ती. आत्यास, कृ. सा. न. वि. वि.

आज थट्टा करत नाही.

तू 'सगळं' म्हणाली होतीस आणि मी फक्त फोटो घेतले. ते तुझ्याकडे आहेत हे माझ्या डोक्यातही आलं नाही. संग्रहालयात पहिल्याच दिवशी आमच्या मुख्य बाईंनी शिकवलं होतं की जुन्या वहीचं पान स्कॅन करताना समास कापायचा नाही, कारण कुणीतरी पेन्सिलीनं काही लिहिलेलं असतं आणि पुष्कळदा पानापेक्षा तेच मोलाचं निघतं. मी स्वतः हे दोन नव्या मुलांना ऐटीत सांगितलंय. आणि घरच्या माणसाच्या वेळी मी समासच कापला.

घड्याळजींना लिहिलं. त्यांचं उत्तर त्याच दिवशी आलं. लोकांचं बोलणं बेवारस पडून राहू नये म्हणून त्यांनी ठरल्या तारखेला सगळं पुसून टाकलंय. म्हणजे ते परत मिळणार नाही. मी तुला खोटी आशा दाखवणार नाही.

पण दोन गोष्टी मागते. एक, तुला त्या अभिप्रायांतलं जे आठवतं ते फोटोंच्या पाठीमागे लिहून मला पाठव. दुसरी, मी एक नवं ठिकाण शोधलंय. या वेळी पत्ता पाठवण्याआधी दोन आठवडे रोज स्वतः वाचलं. एक दातांच्या डॉक्टरबाई ते चालवतात. तीसेक माणसं आहेत. आठवड्याला एकाचाच फोटो आणि प्रत्येकानं त्याखाली निदान तीन ओळी लिहायच्या. बदाम द्यायची सोय ठेवलेलीच नाही. गेल्या आठवड्यात एकानं दुसऱ्याला लिहिलं की आभाळ थोडं जास्त झालंय, कापा. मला तुझी आठवण आली.

तुझी परवानगी असली तर तुझे फोटो, पाठीमागच्या मजकुरासह, मी तिथे ठेवीन. नसली तर नुसते माझ्याकडे जपून ठेवीन.

रागव, पण लोभ तेवढा ठेव.

भिंगरी


७ एप्रिल

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

हो, वाईट वाटलं होतं. खोटं कशाला बोलू. तुझ्या बाबांना मी चहाडखोर म्हणाले. त्यांनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही, हा एक फायदा.

रागवायचं म्हणून बसले, पण फोटो हातात घेतल्यावर राग कुठला टिकतो! पाठीमागे लिहायला लागले तर भराभर आठवत गेलं. चाळीस झाले, ते पाठवते आहे. वाळत घातलेल्या चादरींच्या फोटोला 'गोंदण' नावाच्या सभासदानं लिहिलं होतं की चादरी ठेवा, घाई कापा. त्याचा अर्थ मला दोन वर्षांनी कळला.

आणि सगळ्यात जास्त 'सावकाश'चं. नाव तसंच काम. सगळ्यांचं लिहून झाल्यावर आठवड्यानं त्याचं उत्तर यायचं, पण नऊ वर्षांत एक फोटो चुकवला नाही. माझा पहिलाच फोटो आमच्या मागच्या जिन्याचा होता. उन्हाचे पट्टे, लोखंडी कठडा आणि खाली कुणाची तरी निळी बादली. त्यानं लिहिलं की ऊन ठेवा, बादली कापा. तेव्हापासून मी एकाही फोटोत बादली येऊ दिली नाही. आमच्या विभागात पावलापावलाला बादली. मी आधी ती पायानं सरकवायची, मग कॅमेरा डोळ्याला लावायची. फरशी पुसणारी बाई मला विचारायची की माझ्या बादलीनं तुमचं काय घोडं मारलंय.

हा माणूस कोण, कुठला, मला माहीत नाही. पण शेवटच्या दिवशी मी त्याला लिहायचं ठेवलं होतं आणि ड्यूटी बदलली, राहून गेलं. तुझ्या डॉक्टरबाईंकडे ठेव फोटो. तो सापडणार नाही हे मला कळतं. तरी ठेव.

पत्र लवकर लिही, तू काही 'सावकाश' नाहीस.

आत्या


२ मे

ती. आत्यास, कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. बाबांना जवळ बसव.

जिन्याचा फोटो आणि त्यामागचं तुझं अक्षर, दोन्ही मी डॉक्टरबाईंकडे ठेवलं. खाली लिहिलं की हा फोटो 'वाफ'चा, 'चौकट' बंद झाल्यावर अभिप्राय माझ्या चुकीनं हरवले, तिला आठवले तसे तिनं लिहिलेत. लोकांनी फार मनापासून लिहिलं, ते सगळं या वेळी छापून सोबत पाठवलंय, समासासकट. एक आठवडा गेला. दुसऱ्या आठवड्यात बुधवारी एक नवं खातं उघडलं गेलं आणि खाली हे आलं. जसंच्या तसं उतरवते.

"वाफ, मी तुम्हाला दोन महिने तीन ठिकाणी शोधतेय. तुमची आठवण चुकली आहे. बादली कापा असं मी म्हटलंच नव्हतं. बादली ठेवा आणि घाई कापा, बादलीचा मालक येईपर्यंत थांबा, असं लिहिलं होतं. पुढं नऊ वर्षं तुमच्या एकाही फोटोत बादली आली नाही. मला वाटायचं, बाईंना माझं पटलेलं दिसत नाही. सावकाश."

आत्या, तो 'ती' आहे. बालवाडीत शिकवायची, आता निवृत्त. उशिरा का लिहायची तेही मी विचारलं. म्हणाली, तुझा फोटो ती आठवडाभर स्वयंपाकघरात चिकटवून ठेवायची आणि मग लिहायची. 'घाई कापा' हे ती सगळ्यांनाच सांगत असे, ते तू 'गोंदण'च्या नावावर लावलंस बहुतेक.

तुझं खातं उघडून ठेवलंय. नाव 'वाफ'च.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी, आणि या वेळी काहीही न कापणारी,

भिंगरी


१६ मे

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा तुझ्या बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, एवढ्या मोठ्यानं नको, शेजारी येतील. हे मला ऐकू आलं, कारण ते समोर बसून, माझ्याकडे बघून, सावकाश बोलले. आजकाल बोलतात तसे.

नऊ वर्षं मी बादल्या लाथाडत होते. किती हसावं! तू सगळं नीट उतरवून दिलं असतंस, तरी मी ते पान उघडायला गेले नसते बहुतेक. पाठ आहे म्हणून बसले असते. तेव्हा तो पेन ड्राइव्ह आता विसर.

काल जेवणाच्या सुट्टीत कॅमेरा घेऊन मागच्या जिन्यावर गेले. ऊन तसंच होतं, खाली बादली होती. सरकवायला पाय उचलला आणि खाली ठेवला. मग पायरीवर बसले. वीस मिनिटं कुणी आलं नाही. डबा तसाच राहिला. मग फरशी पुसणारी बाई आली, मला बघून तिनं आपणहून बादली उचलली, माझ्या वाटेत नको म्हणून. मी म्हटलं, राहू द्या, तुम्हीही बसा. तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं, मग बसली, चपला काढल्या आणि बादलीच्या कडेवर टाचा टेकून डोळे मिटले. तेव्हा फोटो काढला.

हा फोटो मी 'सावकाश'ला आधी दाखवणार नाही. सोबत ठेवलाय, पहिली तू बघ. आठवडाभर तुझ्या पूर्वेच्या खिडकीपाशी लाव. मग सांग, काय ठेवशील आणि काय कापशील. नुसतं 'छान' लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

लोभ असू दे, बादलीसकट.

तुझी आत्या