सरांचा पाय

३ फेब्रु., सोम.

आज बसच्या ड्रायव्हर-सीटवर बसले. नुसती बसले, चालवली नाही. तीन वर्षं नंदनवनच्या गल्ल्यांतून शाळेची व्हॅन चालवली, एकाही पोराला खरचटलं नाही. म्हणून वाटलं होतं, बस म्हणजे मोठी व्हॅन. कसली व्हॅन! खिडकीतून खाली पाहिलं तर शेजारच्या स्कूटीवाल्याचं टक्कल दिसत होतं.

शिकवणारे वानखेडे सर. तीस वर्षं बस चालवून आता ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. त्यांची सीट डाव्या हाताला, इंजिनच्या झाकणापलीकडे. त्यांच्या पायाशीही एक ब्रेक आहे, लोखंडी दांड्याने माझ्या ब्रेकला जोडलेला. मी गडबडले तर ते दाबणार. हे ऐकून जीवात जीव आला.

"भेऊ नका ताई. मी आहो नं बाजूले."

५ फेब्रु., बुध.

मैदानात गाडी हलली. पहिला गिअर, माणूस चालतो तेवढी. क्लच दाबायला पार कमरेपासून जोर लावावा लागतो. बॅचमध्ये आम्ही दोघीच बायका, मी आणि रामटेकची रजनी. ती घरचा ट्रॅक्टर चालवते, तिला कशाचं काही नाही. मी वळण घेतलं तर मागून ओरडली, "काहून वं, देवळात बसली का? डोळे उघड नं!"

खरंच मिटले होते. वळताना डोळे मिटून घेतले मी. लाज वाटते, पण इथे नाही लिहायचं तर कुठे.

११ फेब्रु., मंगळ.

पहिल्यांदा रिंग रोड. एक ऑटोवाला डावीकडून घुसला, हात वगैरे काही नाही, सरळ समोर. मी ब्रेकवर पाय टाकला आणि बस थांबली. अगदी अलगद. ऑटोतल्या बाईने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

सर म्हणाले, "वा ताई. ब्रेक पक्का आहे तुमचा."

घरी दोनदा सांगितलं हे. विनोद जरीपटक्याच्या दुकानातून दिवसभर कापड फाडून थकून आले होते, तरी हसले. "म्हणजे आता तुह्या बसमंधी आम्ही तिकीट काढून बसाचं का?" (इथे मी त्यांना नावाने लिहिते. तोंडावर हिंमत नाही.)

सईने वर्गात आधीच सांगून टाकलंय, माझी आई बस चालवते म्हणून. नववीतली पोरगी, तिला कोण थांबवणार. आता मागे फिरायची सोय नाही.

२० फेब्रु., गुरु.

आज फार वाईट.

डावीकडचं मला दिसत नाही. आरसा आहे, आरशात रस्ता आहे, पण नजर तिथे जाईपर्यंत पुढचं सुटतं. वळताना एक म्हातारे गृहस्थ सायकलवर, पुढच्या चाकाच्या अगदी लगत. मी त्यांना पाहिलंच नव्हतं. बस थांबली तेव्हा पाहिलं. त्यांनी सायकल उचलून फुटपाथवर घेतली आणि निघून गेले. शिव्याही दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझा पाय ब्रेकवर होता एवढं नक्की.

जेवण गेलं नाही. भाकरी मोडून तशीच ठेवली.

२१ फेब्रु.

गेले नाही. पोट बिघडलं असं कळवलं. पोट ठीक आहे.

२२ फेब्रु., शनि.

गेले. सर फक्त म्हणाले, "मी आहो नं." दिवसभर नीट चालली. सहा वेळा सिग्नल, सहाही वेळा रेषेच्या आत. हे पेडल आता ओळखीचं झालंय. टेकवलं की खाली जातं, जास्त जोरच नाही लागत.

१२ मार्च, बुध.

पास!!

मैदानातली परीक्षा. एस आकाराच्या वळणातून पुढे नेऊन तशीच मागे आणायची. निरीक्षक साहेब बाहेर उभे, हातात फाईल. सर लांब कडुनिंबाखाली. शेजारची सीट रिकामी, पण वेग इतका कमी की भीती वाटायला वेळच वेळ होता. एकही खांब पाडला नाही. रजनीने एक पाडला, तरी पास.

दोघींनी तर्री-पोहे खाल्ले. रजनी म्हणाली, "चाल, आता नागपूर रिकामं करा म्हणा." हसून हसून तर्री नाकात गेली.

२९ मार्च, शनि.

लायसन्स आलं पोस्टाने. फोटोत मी चोरासारखी दिसते. सईने त्याचाही फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. सासरच्या आत्याबाईंचा फोन, "सूनबाई, जपून वं माय." प्रवासी गाडीचा बॅजही होईल दोन-चार दिवसांत. सिटी बस चालवणाऱ्या कंत्राटदाराच्या डेपोत आम्हा दोघींची नावं लागली आहेत. रजनीला पुढच्या आठवड्यात ड्यूटी, मला त्यानंतर.

आनंद झालाय.

७ एप्रिल, सोम.

नीट लिहायचं आहे.

डेपोची ट्रायल. त्यांची बस, रिकामी. डेपोतले जुने ड्रायव्हर काका माझ्या मागे दांडा धरून उभे. माझ्या डावीकडे काही नाही. सीट नाही, दुसरा ब्रेक नाही, सर नाहीत. पहिले दोन चौक हिरवेच मिळाले. तिसऱ्याला लाल. मी रोजच्यासारखा ब्रेक दाबला.

बस थांबली नाही.

जरा हळू झाली, पण जातच राहिली. पेडल कडक, आडमुठं. मी अक्षरशः सीटवरून उठून दोन्ही पायांनी दाबलं. रेषा गेली. पुढची चाकं पांढऱ्या पट्ट्यांवर. एक बाई भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होती. तिने पंजा पुढे केला आणि बसच्या पत्र्याला लावला, जशी काही तीच थांबवणार होती. तेव्हा थांबली. तिचा पंजा लागलेला होता.

ती म्हणाली, "दिसून नाही राहिलं का?" आणि गेली.

काका म्हणाले, "होते सुरुवातीले. या गाडीचं पेडल कडक आहे." त्यांनी कागदावर सही केली. म्हणजे ट्रायल पास. मंगळवारी पंधरा तारखेपासून ड्यूटी.

८ एप्रिल, मंगळ.

सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात. पोळी करपली दोनदा.

शिकायच्या बसचं पेडल मऊ नव्हतंच. दांड्याने जोडलेलं. सरांनी तिकडून दाबलं की माझं इकडे आपणहून खाली जाणार. मी वर पाय ठेवला होता एवढंच. मला वाटायचं, मी दाबते.

ही वही मागे उलटून पाहिली. तो ऑटो. 'बस थांबली.' ते सायकलवाले. 'बस थांबली.' सहाही सिग्नल. मी थांबवली असं एकदाही लिहिलेलं नाही. मला ठाऊक नव्हतं, पण हाताला ठाऊक होतं की काय.

दोन महिन्यांत मी एकदा तरी ब्रेक लावला का?

९ एप्रिल, बुध.

सरांकडे गेले. ते बसखाली वाकून टायर पाहत होते. सरळ विचारलं, किती वेळा तुम्ही दाबला?

आधी हसले. मग माझं तोंड पाहून हसायचे थांबले. तिथेच पायरीवर बसले.

"ताई, खरं सांगू का? मलेच नाही माहीत."

"असं कसं सर?"

"पाय आपोआप जाते. पोराच्या गाडीवर मागं बसलो तरी दाबतो मी. तो चिडते, बाबा पाय हलवू नका म्हणते. मी शिकवून राहिलो असं वाटे मले. आता तुम्ही विचारता तर..."

रुमालाने हात पुसत राहिले, हात केव्हाच स्वच्छ झाले होते. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. इतका चांगला माणूस, आणि त्याच चांगुलपणाने माझा घात केला.

दुपारी रजनीला फोन. तिची ड्यूटी सुरू होऊन आठवडा झाला.

"हो वं, मलेही कडक लागला. बसला पाय दोन दिवसांत."

"भेव नाही लागलं?"

तिने आवाज खाली केला. मग, "लागलं नं. लागतेच आहे. पण सांगाचं कोणाले?"

रजनी! ट्रॅक्टरवाली रजनी!

१० एप्रिल, गुरु.

विनोदला सगळं सांगितलं. डेपोत जाऊन साहेबांना म्हणावं का, मला अजून शिकायचंय म्हणून? पण तिथे यादीत चाळीस पुरुष वाट पाहतायत, आणि बाई एकदा नको म्हणाली की पुढच्या बाईलाही तेच ऐकावं लागेल.

त्यांनी पटकन म्हणून टाकलं, "मंग नको जाऊ. घरी राहा."

इतक्या सहज म्हणाले की मी भांडी आदळली. त्यांना काळजी वाटते, मला कळतं. पण त्यांनी असं म्हणायला नको होतं. मला कुणीतरी 'जमंन तुले' म्हणायला हवं होतं, खोटं का होईना.

मला बस चालवायची आहे. इथे लिहूनच टाकते. इतकी भीती वाटते आणि तरीही चालवायची आहे. वर बसल्यावर रस्ता जसा दिसतो तसा मला आयुष्यात कधी दिसला नव्हता.

१२ एप्रिल, शनि.

सरांना म्हटलं, एकदा मला खरं शिकवा. ते लगेच तयार. शहराबाहेर, कारखाना बंद पडलाय तिकडचा रिकामा रस्ता. त्यांनी चपला दाराशी काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घालून बसले, जेवायला बसतात तसे. हात छातीवर बांधले. "घ्या. आता मी नाही."

तेच पेडल आज दगड. पहिल्या तीन वेळा सरांनी रस्त्यावर आखलेली खडूची रेघ ओलांडून पुढे गेले. दुसऱ्यांदा तर रडूच आलं. सर समोर पाहत राहिले. चौथ्यांदा रेघेवर. पाचव्यांदा अलीकडे. मग येत गेलं. जोर टाचेतून नाही, मांडीतून, आणि आधीच. व्हॅनपेक्षा फार फार आधी. नऊ वेळा झालं. पिंढरी नुसती उडत होती. मी हसत होते, सर हसत होते.

परत येताना बाजूच्या कच्च्या रस्त्यावरून एक मोटरसायकल आली. न थांबता, सरळ. मी ब्रेक दाबला. बस थांबली, हातभर अंतर ठेवून.

मी डावीकडे पाहिलं.

सरांची मांडी सुटली होती. उजवा पाय खाली, अनवाणी, ब्रेकच्या पट्टीवर.

"दाबला का सर?"

ते स्वतःच्या पायाकडे पाहत होते. "नुसता ठेवला असंन."

"दाबला का?"

"ताई, मले खरंच नाही माहीत."

पेडल कडक लागलं की मऊ, ते मी आठवून पाहतेय. येतानाही आठवत होते, आताही. आठवत नाही. कानात नुसता ठोका होता.

१४ एप्रिल, सोम.

आज जयंती, रस्त्यांवर निळे झेंडे, मिरवणुका, ढोल. घरी थांबले. खाकी शर्टला इस्त्री केली, बॅज लावून पाहिला, काढला.

उद्या सहाला पहिली फेरी. सई सकाळपासून मागे लागली आहे, शाळा दुपारची आहे म्हणून पहिल्या फेरीत तीही बसणार, अगदी पुढच्या सीटवर, मैत्रिणीला घेऊन. मी नको म्हटलं. ती हट्टाला पेटली. मी जोरात ओरडले, "नको म्हटलं नं!" तिला मी असं कधी ओरडत नाही. विनोदने वर्तमानपत्र खाली केलं.

सईचे डोळे भरले. म्हणाली, "बाकीचे लोक बसतीन नं आई? मंग मीच काहून नाही?"

मी शर्टाची घडी घालत राहिले.

डेपोत शिरलं की आधी साहेबांची खोली लागते, मग बसगाड्या. खोलीचं दार साडेपाचपासून उघडं असतं.