वीस लिटर

मंगळवार, ४ मार्च
तारावाहून बदली होऊन मराकेई बेटावर पोचलो. विमानातून बेट एखाद्या हारासारखं दिसलं, मधोमध बंद तलाव. बऱ्याच महिन्यांनी मन हलकं वाटलं. नव्या माणसाने आधी बेटाला फेरी घालून चारही देवींना तंबाखू वाहायची असते, म्हणून कौराबी मला मोटरसायकलवर घेऊन गेला. कौराबी इथला जुना नावाडी आणि माझ्या रोटिया वहिनींचा मामा. वाटेत म्हणाला, तारावाचे कारकून देवींना फार आवडतात, मऊ असतात. तिसऱ्या देवीपाशी माझी तंबाखू संपली तेव्हा त्याने स्वतःची अर्धी दिली आणि चौथीपर्यंत त्याबद्दल कुरकुरत राहिला. जेवायला बाबाईचा कंद आणि भाजलेला मासा होता. खोली समुद्राकडे आहे, वारा चांगला येतो.

गुरुवार, ६ मार्च
काम तारावाच्या बंदरातल्यासारखंच. नाव निघण्याआधी माणसं किती, ओझं किती, पेट्रोल किती हे विचारायचं आणि वेग, पल्ला, लागणारे तास चिठ्ठीवर मांडायचे. दुपारी बारा वाजता नावा रेडिओवर कळवतात. तास उलटले तर शोध सुरू होतो. कौराबी म्हणतो, नाव कागदावर चालत नाही, साहेब. ते खरं आहे. तलावात रिकामी नाव ताशी चौदा मैल जाते, तीच बाहेर लाटांत, ओझ्यासकट, अकरा. मी आता अकराच धरतो.

माझा मोठा भाऊ, टेबानोदादा, ऑक्टोबरात दोन मित्रांसह तारावाहून इथेच यायला निघाला होता. पोचला नाही. त्याची चिठ्ठी मी केली होती. इथे सगळ्यांना हे ठाऊक आहे, त्यामुळे माझ्याशी हळू बोलतात. मला खाली बघावं लागतं.

शनिवार, ८ मार्च
बारा वाजता रेडिओवर कुणीतरी विचारलं, वीस लिटर उरलंय, किती तास? मी सवयीने सांगितलं, एक तास. नावेची नोंद करायला वही उघडली तर आज एकही नाव बाहेर गेलेली नाही.

सोमवार, १० मार्च
पुन्हा तोच प्रश्न. वीस लिटर उरलंय, किती तास? मी वही चाळू लागलो. मग तो म्हणाला, इओतेबा, शनिवारी पण एकच तास म्हणाला होतास.

दादाचा आवाज. घसा सुकलेला, पण रागावलेला नाही. कौराबी दारात जाळं विणत बसला होता. त्याचे हात थांबले. जाळं तिथेच टाकून तो घरी गेला.

मंगळवार, ११ मार्च
आजही आवाज आला.

हे कुणालाच सांगितलेलं नाही, निदान इथे लिहितो. दादाच्या टाकीत साठ लिटर होतं आणि वर वीसचा एक कॅन. निघायच्या सकाळी किनाऱ्यावर मी त्याच्याकडे तो कॅन मागितला, माझ्या मोटरसायकलसाठी. बुबुती केली. रक्ताच्या माणसाने तशी मागणी केली की आमच्यात नाही म्हणता येत नाही, म्हटलं तर जन्माची लाज. ते ठाऊक होतं म्हणूनच मागितला. दादा म्हणाला, घे बाबा, उद्या माझी चड्डी पण माग. स्वतः उचलून माझ्या पायाशी ठेवला. साठ पुरेल असं मी म्हणालो. चौदाच्या वेगाने पुरलं असतं. चिठ्ठीवर साठच लिहिलं.

तीन दिवसांत दादा मराकेईला पोचला नाही, तेव्हा मी चिठ्ठीवर साठचे ऐंशी केले. मला कुणी विचारू नये म्हणून.

अकराच्या वेगाने साठ लिटर मराकेईच्या नऊ मैल अलीकडे, दक्षिणेलाच संपतं. ऐंशीत नाव इथवर येते. म्हणून सगळ्यांनी धरलं की बेट चुकवून ते उत्तरेला गेले, आणि चार दिवस उत्तर दिशा धुंडाळली. दक्षिणेला कुणी पाहिलं नाही.

ते वीस लिटर फक्त कागदावर आहे. ते संपत नाही. म्हणून त्या तिघांना थांबता येत नाही.

बुधवार, १२ मार्च
वहिनी सकाळच्या विमानाने आल्या. तारावात त्यांनीही रेडिओवर तो आवाज ऐकला. हसत होत्या. पाच महिने त्यांनी नवऱ्याचं काहीच केलेलं नाही, ना प्रार्थना, ना रडणं. ऐंशी लिटर होतं म्हणजे उत्तरेलाच असणार, तुम्हीच लिहिलंय ना भाऊजी, असं म्हणाल्या. मग दादाला शोधायला मामाकडे नावेची बुबुती केली. कौराबी नाही म्हणू शकत नव्हता. त्याने माझ्याकडे पाहून विचारलं, ऐंशीच ना रे?

मी हो म्हणालो.

शुक्रवार, १४ मार्च, सकाळ
वहिनी आणि कौराबीची चिठ्ठी मी केली. ऐंशी लिटर, वेग अकरा, दिशा उत्तर. चाळीस उरले की परत फिरायचं, असं लिहून दिलं. वहिनींनी शहाळी घेतली, दादाचा सदरा घेतला. किनाऱ्यावर खरं सांगता आलं असतं. वहिनी नावेत चढल्या तोवरही. मी नाव ढकलली. नऊ वाजता निघाले.

अकरा
आत्तापर्यंत फिरायला हवं होतं. रेडिओ गप्प.

साडेअकरा
कौराबी बोलला. म्हणाला, ही फिरू देत नाही. समोर नाव दिसतेय म्हणते. मला दिसत नाही, म्हणाला.

मी म्हटलं, फिरा. का, विचारलं त्याने. मी—
सांगितलं नाही.

बारा
वहिनी. दिसले म्हणतात. तिघंही उभे आहेत. हात करताहेत, पण नाव जवळ येत नाही. आपण गेलो की तेही तितकेच पुढे—
कौराबी मागे प्रार्थना म्हणतोय.

बारा पाच
आता दोन आवाज. दादाचा आणि वहिनींचा. एकच वाक्य, एकदम. वीस लिटर उरलंय, किती तास?

डाव्या हाताने बटण दाबून धरलंय. सांगतोय. साठच होतं वहिनी, कॅन मी घेतला, ते उत्तरेला नाहीतच, फिरा. मोठ्याने सांगतोय. त्यांना ऐकू जात नाहीये, नुसतं विचारताहेत. साठ होतं. मी मागितला, म्हणून त्याने दिला, मी—
कौराबीचा आवाज बंद झाला.
वहिनी, साठ—