डफ तापेपर्यंत

धुळे,
१२ जून १९९४

ती. सौ. मंदाअक्का हिस,
तोतारामचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लिहायला बसतो आणि कुणीतरी दार वाजवतं. येणारा माणूस बहुधा अनोळखी असतो. तो माझ्याकडे बघून हसतो आणि मी काहीतरी म्हणावं म्हणून थांबतो.

निर्मलकुमारबरोबर मी काहीतरी करतो आहे, एवढंच तुला कळवलं होतं. निर्मलकुमार म्हणजे कापडदुकानदाराचा मुलगा, लग्नाच्या कॅसेटा काढतो तो. आम्ही एक खोटा माहितीपट काढला. टीव्हीवर असतात तसा, जड आवाजातल्या निवेदनाचा. विषय खानदेशातली एक जुनी डफ पार्टी. अशी पार्टी कुठेच नाही, सगळं रचलेलं आहे. तिचा बुवा मी. कॅमेरा गाणं टिपायला येतो. मी डफ विस्तवावर धरतो, टिचकी मारून बघतो, मान हलवतो आणि सांगतो, थांबा भो, आजून तपना नही. पाऊण तास एवढंच चालतं. गावात एक लग्न उरकतं, सरपंच बदलतो, निवेदकाची दाढी वाढते. डफ तापत नाही. गाणं होत नाही.

केबलवाल्याने ती फिल्म एका रविवारी लावली. आता दर रविवारी लागते. एरंडोलहून एकाने लिहिलंय की त्याच्या घरी ती अकरा वेळा पाहिली गेली, आणि आमच्या पार्टीचा डफ एकदाचा तापावा म्हणून त्याच्या आईने पद्मालयाच्या गणपतीला नारळ बोलला आहे. नरडाण्याच्या पुखराजशेठनी मुलीच्या लग्नाला पार्टी मागितली. निर्मलकुमार समजवायला गेला की पार्टी खोटी आहे. शेठ म्हणाले, खोटी तर खोटी, वरात येईपर्यंत डफ शेकत बसा, पाहुण्यांना बरं वाटेल. परवा बसस्टँडवर गाडी वेळेत का सुटत नाही असं कुणीतरी विचारलं, तर ड्रायव्हरने बोनेटवर टिचकी मारून माझं वाक्य म्हटलं. सगळी गाडी हसली. मी मागच्या बाकावर होतो. कुणी ओळखलं नाही, ते बरं झालं.

ते वाक्य माझं नाही, श्रावणात कानबाईपुढे डफ तापवताना नाना म्हणतात तेच आहे, हे तुला सांगायला नको. डफ धरताना उजवा गुडघा वर घेऊन त्याला उपरणं बांधायचं, तेही माझं नाही.

नानांनी पाहिली नसेल असं धरून चालतो. चोपड्याकडे कॅसेट पोचली असली तरी त्यांच्यापर्यंत जाऊ देऊ नकोस. वनाकाकांचा दमा कसा आहे?

दाजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. तुझी माया आहेच, ती या पत्रानंतरही राहू दे.

तुझा
तोताराम


वडगाव, ता. चोपडा,
२३ जून १९९४

चि. तोताराम यास,
मंदाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उशिरा आलं. म्हणजे पोस्टाने वेळेत आणलं, तू उशिरा लिहिलंस. नानांनी फिल्म पाहून पंधरा दिवस झाले.

कौतिकने चोपड्याहून कॅसेट आणली आणि ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर लावली. कौतिकला तू विसरला असशील, पिठाच्या गिरणीवाला. आपल्या गावचा माणूस सिनेमात आला म्हणून त्याने घरोघर सांगितलं. नानांना त्यानेच हाताला धरून नेलं आणि पहिल्या सतरंजीवर बसवलं. मी बायकांत मागे होते. तू गुडघ्याला उपरणं बांधलंस तेव्हा सगळा ओटा मागे वळून नानांकडे पाहायला लागला. नाना टीव्हीकडे पाहत होते. ते हसले नाहीत आणि उठलेही नाहीत. संपल्यावर कौतिकला एवढंच विचारलं की खालचा विस्तव कशाचा होता. कौतिक म्हणाला, त्याला काय माहीत. मग घरी गेले.

मला खोटं बोलता येत नाही. मी हसले. सरपंच बदलतो तिथे फार हसले. नंतर वनाकाकांची भिकुबाई शेजारी गप्प बसलेली दिसली, तेव्हा थांबले.

आता गावाचं ऐक. जेवायला वाढायला उशीर झाला की ते वाक्य. म्हैस पान्हावत नाही, ते वाक्य. माझ्या घरातही तेच, तुझे दाजी सकाळी चहाच्या वेळी म्हणतात. पूर्वी ते वाक्य वर्षातून एक-दोनदा ऐकू यायचं आणि त्यावर माणसं गप्प बसायची. नाना गल्लीतून निघाले की कुणीतरी बोटाने टिचकी वाजवतं. वाईट मनाने नाही. त्यांना नाना आवडायला लागले आहेत, तेच अवघड आहे. रागवावं कुणावर?

परवा नानांनी सांगितलं की यंदा कानबाईपुढे डफ धरणार नाही. शांतपणे सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं. डफ खुंटीवरून काढून धान्याच्या कोठीमागे ठेवला आहे. बेचाळीस वर्षं कानबाई नदीवर विसर्जनाला गेली ती त्यांच्या डफावर. यंदा आमच्या घरची कानबाई माझ्या डोक्यावर जायची आहे, सासूबाईंच्याने आता देवीचा पाट उचलवत नाही. डफाशिवाय कशी नेऊ ते मला कळत नाही. आणि एकदा राहिलं की राहिलं. वनाकाका पुढच्या वर्षी नानांच्या मागे झील धरायला असतील असं दिसत नाही. चार पावलं चालले की ओट्यावर बसतात.

तू यावंस. पाया पडावंस असं नाही, नुसतं यावंस.

फिल्मबद्दल एक विचारते. त्यात गाणं का नाही? शेवटी तरी म्हणशील म्हणून मी वाट बघत होते.

आमची आठवण फक्त पोस्टमन आल्यावर न होवो.

तुझी
मंदाअक्का


धुळे,
९ जुलै १९९४

ती. अक्कास,
तोतारामचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घालून आठ दिवस हिंडलो.

गाणं का नाही, हे आतापर्यंत फक्त तू विचारलंस. बाकीच्यांना ते नाही याचंच कौतुक आहे. जळगावच्या एका प्राध्यापकांनी टाइप केलेली चार पानं पाठवली आहेत. त्यांच्या मते न झालेलं गाणं हेच या फिल्मचं गाणं आहे, आणि ही वाट पाहणं आपल्या सगळ्या समाजाचं वाट पाहणं आहे. निर्मलकुमारने ती पानं काचेत लावून दुकानात टांगली आहेत. परकर घ्यायला आलेल्या बायका ती वाचत उभ्या राहतात. होस्टेलच्या मुली येऊन डफावर माझी सही मागतात. डफ आम्ही भाड्याने आणला होता, तोही परत गेला.

एक कार्ड वेगळं आलं. खाली सही नाही. अक्षर जुन्या मास्तराचं असावं. त्यात एकच वाक्य होतं: तुम्हाला येत होतं तरी नाही म्हटलं, की येतच नव्हतं?

अक्का, येत नव्हतं.

गाणं व्हायचं होतं. तसं ठरलं होतं. नानांचं कानबाईचं गाणं शेवटी मी सरळ म्हणणार होतो, न हसवता. हसवून झाल्यावर ते ऐकवायचं, यासाठीच हे सगळं जुळवलं होतं. पहिली ओळ म्हटली. दुसरी म्हटली. तिसरी आली नाही. मी पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच. लग्नसराईतून कॅमेरा तेवढा एकच दिवस मोकळा होता. वेळ काढायला मी डफ विस्तवावर धरला आणि म्हटलं, थांबा, आजून तपना नही. सगळे हसले. निर्मलकुमारने कॅमेरा बंद केला नव्हता. मग दिवसभर तेच केलं. दुपारनंतर मला तिसरी ओळ आठवायची भीती वाटू लागली, कारण तोपर्यंत फिल्म फार चांगली जमली होती.

लहानपणी पंधरा तरी वर्षं मी नानांच्या गुडघ्याला टेकून बसलो आहे. डफाचा हादरा अजून दंडात आहे. ती ओळ कशी राहिली?

कानबाईला मी येत नाही. भीती आहेच, पण दुसरंही आहे. मी आलो तर लोक मला बघतील. नानांकडे पाठ करून उभे राहतील. एवढं तरी करू नये असं वाटतं. नानांना यातलं काय सांगायचं ते तू ठरव. मी थकलो आहे. माणसं प्रेमाने येतात आणि मी दार उघडत नाही.

रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझा
तोताराम


वडगाव, ता. चोपडा,
१७ ऑगस्ट १९९४

चि. तोतारामास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी नानांना सगळं वाचून दाखवलं. ठरव म्हणालास, म्हणून ठरवलं. ऐकून त्यांनी विचारलं, कुठल्या ओळीशी अडला. मी सांगितलं, तिसरी. ते उठून गोठ्यात गेले. दुसऱ्या दिवशी डफ खुंटीवर होता.

कानबाई सोमवारी गेली. यंदा ती तारीख पंधरा ऑगस्टची आली, म्हणून शाळेचं झेंडावंदन उरकून सगळी पाखरं आमच्या दारात. पण तेवढीच नव्हती. चोपड्याहून दोन जीपगाड्या भरून माणसं आली होती. कौतिकने सांगितलं, ही फिल्मवाली माणसं, खरा बुवा पाहायला आली आहेत. नवे कपडे घातलेले, बोलायला चांगले. एक जण माझ्यासुद्धा पाया पडला.

रात्रभर पाऊस होता. डफाचं कातडं ओल्या पोळीसारखं झालेलं. नाना उकिडवे बसले, गुडघा वर घेतला, गुडघ्याला उपरणं बांधलं. तेवढ्यावर हसू आलं. त्यांनी डफ निखाऱ्यावर धरला, फिरवला, टिचकी मारली, कान लावला. ती माणसं तोंडावर हात धरून वाट पाहत होती. नाना काही बोलले नाहीत. पुन्हा फिरवला, पुन्हा टिचकी. मग मागून कुणीतरी त्यांच्याऐवजी ते वाक्य म्हणून टाकलं, आणि सगळी गल्ली हसली. आपलीसुद्धा. दाजीसुद्धा.

मी पाट डोक्यावर घेऊन उंबऱ्यात उभी होते. मला मान हलवता येत नव्हती, म्हणून मी नानांकडेच बघत राहिले. ते चिडले नाहीत. दमलेले दिसले. त्यांनी डफ निखाऱ्यावरून काढला आणि न तापवताच उठले.

तोताराम, बेचाळीस वर्षांत हे झालं नव्हतं. डफ भद्द वाजत होता, भिजल्या पोत्यावर काठी मारावी तसा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डफ थंड आहे हे कुणालाही कळलं नाही. वनाकाकांना कळलं. त्यांनी मान खाली घातली.

नानांनी पहिली ओळ घेतली, दुसरी घेतली आणि थांबले. तू का अडलास ते मला तिथे उभ्याउभ्या कळलं. तिसरी ओळ नाना म्हणतच नाहीत. कधीच म्हटली नाही. ती झीलकऱ्याची. वनाकाका मागून ती उचलतात आणि नाना तेव्हा डफ जोरात घेतात. तू डफाला चिकटून बसायचास. डफाला चिकटून बसलेल्याला झील ऐकू येत नाही. आम्ही बायका मागे चालायचो, आमच्या वाट्याला तेवढीच यायची.

वनाकाकांनी तोंड उघडलं. श्वास आला, ओळ आली नाही. जीपवाले पुन्हा हसायला लागले, त्यांना वाटलं हेही फिल्ममधलंच. नाना नुसता डफ वाजवत थांबले होते. ती ओळ मी म्हटली. पाट डोक्यावर, मान ताठ, आवाज बारीक आणि फाटलेला. डफ चांगला तापलेला असता तर त्याखाली ती गेली असती, तुझ्या कानांवरून गेली तशी. थंड होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेली.

बाई झील कशी धरते म्हणून कुणी काही बोललं नाही. बोलतील नंतर. नानांनी वळून पाहिलं नाही. चौथी ओळ घेतली. पुढच्या कडव्याला तिसऱ्या ओळीशी पुन्हा थांबले, आणि मी पुन्हा म्हटली. नदीपर्यंत असंच चाललं. दुसऱ्या कडव्याला जीपवाले गप्प झाले. तिसऱ्या कडव्याला त्यांच्यातले दोघे निघून गेले. फिल्मसारखं नव्हतं ना.

ओळ कागदावर लिहून पाठवणार होते. लिहिली आणि खोडली. वाचून काही होत नाही तिचं.

मान अजून दुखते आहे. वनाकाका बरे आहेत, म्हणजे होते तसे आहेत. नाना तुला स्वतः कार्ड लिहिणार म्हणतात. लिहितील तेव्हा खरं.

तुला बोलण्याचा हक्क मला आहे, तो असाच राहू दे.

तुझी
मंदाअक्का


वडगाव,
शनिवार

चि. तोतारामास नानांचे आशीर्वाद.

मी चौथी शिकलेला आहे, म्हणून थोडं लिहितो.

तुझी फिल्म पाहिली. तू डफ आडवा धरतोस. कातड्याचं तोंड सरळ जाळाकडे करतोस. असं केल्यास कातडं घटकाभरात फुटतं. डफ उभा धरावा आणि फिरवत राहावा. जाळ नसावा, निखारा असावा. कपाशीच्या पऱ्हाट्या जाळून विझू द्याव्या, मग बसावं. तू पऱ्हाट्या पेटत्या ठेवल्या होत्या. कौतिकला विचारलं, पण त्याला सांगता येईना. मी जाळाच्या रंगावरून ओळखलं. एवढी माणसं हसली आणि हे एकानेही पाहिलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. सरपंच बदलतो ते बरं केलं आहे.

झील मंदाने धरली. बरी धरली. तिच्यासाठी डफ हळू घ्यावा लागतो. ते मी शिकतो आहे.

सोमवारी डफ तापवला नाही, ती माझी चूक. लोकांच्या हसण्याने घाई केली. वना अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

पुढच्या वर्षी विस्तवाशी तू बसायचं. लोक हसतील, ते हसू दे. तुलाही आलं तर हस. पण मी तापला म्हणेपर्यंत उठायचं नाही.

नाना