आभाराची मिस्सा

७ ऑक्टोबर १९८६, मंगळवार

सुईचा रिपोर्ट आला. मानेतल्या गाठीत दोनदा सुई खुपसून घेतली ती ह्यासाठी? डॉक्टर म्हणाले, ह्या पेशींवरून सांगता येत नाही. कॅन्सर सापडलेला नाही, पण नाहीच असंही म्हणता येणार नाही. गाठ अख्खी काढून तिचं आवरण तपासलं तरच कळेल. मग सुई कशाला टोचली, मी विचारलं. ते हसले. मला हसू आलं नाही.

दोन वाटा — रोज गोळी घेऊन सहा महिने थांबायचं, गाठ वाढते का बघायचं. नाहीतर गळ्यातली थायरॉइड ग्रंथी अर्धी कापून काढायची. आवाजाची नस तिथूनच जाते, क्वचित तिला धक्का लागतो म्हणे. वर्गातल्या एवढ्या पोरांना मी काय खुणांनी शिकवू? आणि ठरवायचं कोणी? मीच!

आई शेजारीच बसली होती. पाचूबंदरला घरी पोचल्यावर तिने मासळीची पाटी धुवायला घेतली.

१२ ऑक्टोबर, रविवार

संताप, नुसता संताप! प्रार्थना सुरू करताना फादरांनी वेदीवरून वाचलं — पॉलिन आजारातून सुटली म्हणून तिच्या आईतर्फे आभाराची मिस्सा. मी पुढच्याच बाकावर, आणि अख्खं चर्च माझ्या मानेकडे बघतंय.

कसली सुटका? घरी येऊन आईला विचारलं, हे काय केलंस. ती बोंबील साफ करत होती. "डॉक्टर बोलला ना, सापडला नाय."

अगं, सापडला नाही म्हणजे नाही असं नव्हे! जाळ्यात घोळ मासा आला नाही म्हणून समुद्रात घोळच नाही का? तिने पुढचा बोंबील उचलला.

१३ ऑक्टोबर

आईशी बोलणं बंद.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मी बरी झालेय! मला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारच्या थेरेसाने रस्त्यात थांबवून अभिनंदन केलं, वर सल्लाही दिला — मिठागरातलं खडं मीठ खात जा, समुद्राकाठच्या माणसाला गळ्याची गाठ होतेच कशी! हेडबाई म्हणाल्या, देवाची कृपा, आता सुट्टीत चौथीचे जादा वर्ग तुम्हीच घ्या. रजेचं विचारणं ओठांवर आलं होतं, ते गिळलं.

"अजून कळलेलं नाही." इतकं साधं वाक्य, पण कोणाला ऐकायचंच नाही. एक तर मरा, नाहीतर बरे व्हा. मधे लटकलेलं माणूस लोकांना चालत नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

ठरवलं. ऑपरेशन. आरशासमोर उभं राहून थुंकी गिळायची आणि गाठ वर-खाली होताना बघायची — असे सहा महिने मला काढता येणार नाहीत.

आईला सांगायचं म्हणून कंबर कसली होती. ती म्हणणार, लोक काय बोलतील, देवाला खोटं पाडतेस. माझी उत्तरं तयार! तिने फक्त विचारलं, कधी. दिवाळीच्या सुट्टीत, म्हटलं. बरं म्हणाली, पाटी डोक्यावर घेतली आणि बाजाराला गेली.

बरं? भांडायलाही जागा ठेवली नाही बाईने!

२ नोव्हेंबर, रविवार

आज मृतांचा दिवस. बाबांच्या कबरीवर मेणबत्त्या लावल्या. थेरेसाने तिथेही विचारलं, आता छान ना? म्हटलं, उद्या भरती होतेय, गळा कापणार आहेत. तिचं तोंड बघण्यासारखं झालं. बरं वाटलं मला!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

गाठ निघाली. तपासणीचा निकाल यायचाय. आवाज नाही, नुसता वारा. येईल म्हणतात.

आई उशाशी. कुजबुजत विचारलं — निकाल वाईट आला तर तुझ्या त्या मिस्सेचं काय करशील?

तिने माझं पांघरूण सारखं केलं. "डॉक्टरला ठाव नाय, हे मना पयल्या दिशीच कललेलं. होडीवाल्याला आगाऊ इसार दिला का म्हावरं दुसऱ्याला जात नाय. म्हनून आभार आधीच देऊन टाकले. आता देव शब्दाला फिरला, तर त्याच्याशी मी भांडेन. तू गप पड."