सात नंबरची खोली

परळ, सोमवार, ता. १२ जानेवारी २०२६

चि. भिवा यास शैलाताईचा जयभीम.

तू, ललिता, हर्षवर्धन बरे असाल. आम्ही बरे आहोत, माझे गुडघे सोडले तर. धाकटा असून माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, हसायचं नाही. पाकिटावर अँटॉप हिलचा पत्ता माझ्या प्रितीने घातलाय. आतलं तिला वाचू दिलेलं नाही.

चाळीची बातमी ऐक. मागची गल्ली तुला ओळखू येणार नाही. बिल्डर येणार, बिल्डर येणार म्हणून दहा वर्षं कुणी खिळा ठोकला नाही. मी मीटिंगमध्ये म्हटलं, तो येईल तेव्हा येईल, तोवर उकिरड्यात बसायचं काय? दोन रविवार सगळ्यांना घमेली घेऊन उभं केलं. तात्या, आता चाळ कमिटीचा सेक्रेटरी, नुसता हात दाखवून हुकूम सोडत होता, त्याच्या हातात फावडं दिलं. आता तिथे दिवे आहेत, बाकडी आहेत. म्हातारे पूर्वी जिन्यात भांडायचे, आता तिथे आरामात बसून भांडतात.

मग पोरींनी अभ्यासिका मागितली. यंदा दहावीला सातजणी आहेत, आपली प्रिती धरून. घरात टीव्ही, गॅलरीत कुकरच्या शिट्ट्या, पोरींनी वाचायचं कुठे? कमिटीतल्या दीपकला कॅरम क्लब हवा होता. स्वतःचंच घोडं दामटायचं, म्हणून म्हणाला, चाळीत जागाच नाही, अभ्यासिका काय गच्चीच्या टाकीवर काढणार? मला राग आला. राग आला की माझं तोंड माझ्याआधी उठतं, तुला माहीत आहे. मी उभी राहिले.

"जागा आहे. सात नंबर. आमच्या भिवाने दिलीय."

टाळ्या पडल्या रे. मग मागे कशी येणार? तात्याने तिथल्या तिथे तुझ्या आभाराचा ठराव लिहिला. वरच्या मजल्यावरची इरावतीकाकू डोळे पुसत म्हणाली, पोरगा चाळ सोडून गेला पण चाळीला विसरला नाही.

तर भिवा, आईच्या खोलीचं तुझं कुलूप मी तोडलं. चांगलं होतं, चार घाव लागले. आईची पेटी, भांडी, बाबासाहेबांचा फोटो, सगळं माझ्याकडे आहे. एक चमचा हरवलेला नाही. भिंतींना पांढरा रंग दिलाय. पोरी शाळेतून आल्या की तिथेच बसतात. प्रिती म्हणते तिचं गणित सुधारलं. खरंखोटं मी कुठे तपासणार?

रविवारी २५ तारखेला सकाळी दहा वाजता उद्घाटन आहे. पाटीवर आईचं नाव घातलंय. तात्या रोज विचारतो, भिवा येणार ना? मी रोज हो म्हणते. खोली तुझी आहे. तू नको म्हणालास तर मी स्वतः रिकामी करून देईन आणि पोरींना सांगेन, शैलामावशीने थाप मारली होती. परीक्षेला महिना राहिलाय, शिव्या घालतील, खाईन.

एवढं लिहून उठले. भांडी घासून आले. घासायला फारशी नव्हतीही.

आईच्या मयतीला तू उशिरा पोचलास, आणि मी सगळ्या चाळीसमोर म्हटलं, "सरकारी क्वार्टर मिळालं आणि आई नकोशी झाली." त्याच दिवशी तू खोलीला कुलूप घातलंस. सहा वर्षं झाली. भिवा, आदल्या दिवशी आईनेच तुला सांगितलं होतं, मी बरी आहे, रजा फुकट घालवू नकोस. तो फोन तिच्या कानाला मीच धरला होता. मला सगळं माहीत होतं. तिचं करून करून मी दमले होते. कुणावर तरी ओरडायचं होतं आणि तू समोर आलास. तूही तेव्हा तोंड उघडून सांगितलं नाहीस. आईचं नाव पुढे केलं नाहीस. ते मला आजपर्यंत टोचतंय.

रविवारी दोन मिनिटं माईक माझ्याकडे आहे. अभ्यासिकेवर दीपक बोलेल, आता तोच जास्त मिरवतोय. मी हेच सांगणार आहे. सगळ्या चाळीसमोर बोलले होते, सगळ्या चाळीसमोरच मागे घेईन. तू आलास तर तुझ्याकडे बघून बोलेन. नाही आलास तरी बोलेन.

चूक माझी, तरी मोठी मीच,
शैला